चार इंची पाइप

फुलसावंगी, ता. महागाव
१२ नोव्हेंबर २०२४

डोमाजी यांस,

नमस्कार. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहायची रीत आहे हे मला माहीत आहे. पत्रलेखन शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पण हात उठला नाही. तेवढा शब्द तुम्हीच घालून घ्या, किंवा नका घालू.

तुमचे फोन मी उचलत नाही, कारण फोनवर तुम्ही बोलत नाही, कोळशाचा ट्रक रिकामा करता. तुमची बहीण भाऊबीजेला वणीला आली नाही, तिला यायचं नव्हतं. ती बरी आहे. तिला फोनवर बोलायची इच्छा नाही. हा विषय इथे संपला.

आता काम. महागावच्या दुकानातून मी दहा इंची स्पीकर आणि त्याला लागणारा अ‍ॅम्प्लिफायर आणला आहे. आमच्या जुन्या व्हॅनमध्ये मागच्या सीटला टेकून त्याची पेटी बसवायची. दुकानदाराने तयार पेट्या वाजवून दाखवल्या. कानशिलात मारल्यासारखा आवाज. मला तसला नको. आमच्या जुन्या शाळेची जमीन लाकडी फळ्यांची होती, तुम्ही एकदा पाहिली आहे. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणत आणि मी टेबलावर हात मारून ठेका धरी, तेव्हा तो ठेका कानाला नंतर आणि तळपायाला आधी कळायचा. दुपारची उन्हं खिडकीतून फळ्यांवर यायची, धूळ नाचायची, आणि सगळा वर्ग एखाद्या मोठ्या जनावरासारखा श्वास घ्यायचा. मला तो खालचा आवाज पाहिजे.

दुकानदार म्हणाला, असा आवाज हवा तर पेटीला पाइप बसवावा लागतो. स्पीकर मागे-पुढे झाला की पेटीतला वारा त्या पाइपातून आत-बाहेर करतो, आणि खालचा सूर उचलून धरतो. पाइपाची रुंदी-लांबी गणिताने ठरते. गणित कोणाला येतं, विचारलं. म्हणाला, वणीला एक म्हातारा आहे, खदानीत इलेक्ट्रिशियन होता, चंद्रपूर रोडवर पेट्या बनवतो. दुर्दैवाने तो तुम्ही निघालात.

माप कळवावे.

विठ्ठलराव

वणी
१९ नोव्हेंबर २०२४

भाऊजी,

पत्र भेटलं. घरी बायकोले, बबिताले, वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊजींनी बहात्तराव्या वर्षी डीजे काढला का? मी म्हटलं, पेन्शन वाढली असन.

तुमची ती लाकडी जमीन, धूळ, ऊन, मोठं जनावर, हे सगळं तुमच्याजवळच ठेवा. माह्याकडे ट्रकवाले येतात, बोलेरोवाले येतात, त्यातला एकही जण कविता घेऊन येत नाही. माप घेऊन येतो अन् माप घेऊन जातो.

माप देतो. तुमच्यासाठी नाही देत, स्पीकर फाटला तर लोक म्हणतील डोमाजीनं सांगितलं होतं, म्हणून देतो.

पेटीच्या आत बेचाळीस लिटर जागा पाहिजे. आत म्हणजे आत. बाहेरून फूटपट्टी लावू नका, प्लायची जाडी वजा करा. स्पीकरचं बूड अन् पाइप जेवढी जागा खातात तेवढी वरून वाढवा. पाइप चार इंची, आतल्या बाजूनं चार. लांबी साडेपंधरा इंच. पाइपाचं आतलं तोंड मागच्या फळीपासून चार इंच तरी दूर राह्यलं पाहिजे, नाहीतर वाऱ्याचा गळा दाबल्यासारखं होते. असं केलं तर पेटी सेकंदाला पस्तीस हिसक्यांवर बोलते. ढोल-नंगाऱ्याले बरोबर आहे. तुमच्या बासरीले नाही.

आता माहं काम. माही बहीण माह्याशी फोनवर काहून बोलत नाही? वर्ष होत आलं. पयले फोन तुम्ही उचलायचे अन् 'झोपली आहे' म्हणायचे. मग 'शेजारी गेली'. आता उचलतच नाही. बाई अशी नव्हती. मले लहानपणी उसाच्या गाडीवरून हाका मारत घरी आणणारी बाई आहे ती. तुम्ही तिले बोलू देत नाही हे मले कळते.

संक्रांतीपर्यंत तिचा आवाज फोनवर ऐकला नाही, तर मी गाडी घेऊन येतो अन् तिले वणीले घेऊन जातो. मग बसा तुम्ही पेटी वाजवत.

डोमाजी

फुलसावंगी
५ डिसेंबर २०२४

डोमाजी,

तुम्ही सूड घेतलात. मापात घेतलात, हे तुमच्या धंद्याला शोभत नाही.

मी सगळं तुमच्या पत्रातल्यासारखं केलं. बेचाळीस लिटर आतून. गावातल्या सुताराने फळ्या कापल्या, सांध्यांना सरस लावला, वारा कुठून निसटू नये म्हणून मी स्वतः फटींत पुट्टी भरली. बाजारातून पाइप आणायचीही गरज पडली नाही. वावरातला स्प्रिंकलरचा पाइप पडून होता, काळा, जाड, चांगला मजबूत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बरोबर साडेपंधरा इंच कापला. व्हॅनमध्ये जागा कमी, म्हणून पेटी सोळा इंच खोल झाली. पाइप त्यात कसाबसा मावला.

आणि आवाज काय येतो? फुस. फुस. फुस. जणू म्हातारा बैल चढावर थांबून नाक फुरफुरतो आहे. खालचा सूर नाहीच. सीटवर हात ठेवला तर सीट मेल्यासारखी पडली आहे.

तुमची बहीण मागच्या सीटवर अर्धा तास बसली. मग उतरून घरात गेली आणि तूर निवडायला बसली. तिच्या पाठीकडे मी पाहत राहिलो. शाळेत एखाद्या पोराला पाठ असलेली कविता ऐनवेळी आठवत नाही, तो खाली बसतो, तेव्हा त्याची पाठ अशी दिसायची.

तुम्हाला माझा राग असेल. तो माझ्यावर काढा. मापात खोट का केलीत?

संक्रांतीला कोणाला कुठे नेण्याची भाषा पुन्हा करू नका. ती माझी बायको आहे, तुमचं पार्सल नाही.

विठ्ठलराव

वणी
१२ डिसेंबर २०२४

भाऊजी,

स्प्रिंकलरचा पाइप! मी दुकानात ते पत्र मोठ्यानं वाचलं. दोन ट्रकवाले होते, त्यातला एक हसून हसून टायरवर बसला.

मी काय लिहिलं होतं? चार इंची. आतून. स्प्रिंकलरचा पाइप बाहेरून तीन इंच, आतून त्याच्याहून कमी. तुम्हाले वाटलं पाइप म्हणजे पाइप, पाणी गेलं तर वाराही जाईन. हे फक्त वावरवालाच करू शकते. शहरातला माणूस निदान दुकानात तरी जाते.

आता समजून घ्या, तुम्ही मास्तर आहा. बाटली फुंकता ना? बारीक गळ्याची बाटली खाली बोलते, रुंद गळ्याची वर. तसंच हे. रुंद पाइप घेतला तर तो लांब पाहिजे, बारीक घेतला तर आखूड पाहिजे, तेव्हा दोघांचा सूर एक येते. तुम्ही रुंदाची लांबी बारकाले लावली. पेटी पस्तिशीवरून पंचविशीवर गेली. तिथं काय वाजते? काहीच नाही. अन् आतलं तोंड मागच्या फळीले जवळपास चिकटलेलं. भिंतीले तोंड लावून बोंबलून पाहा, मग कळन. अन् फुसफुस काहून? एवढा वारा एवढ्याशा नळीतून जोरात चालला म्हणून.

बारकाच ठेवायचा असन तर सात इंचावर कापा. सूर जागेवर येईन. फुसफुस जाणार नाही.

आता खरी गोष्ट. बबिताचा मावसभाऊ तुमच्या गावावरून आला. त्यानं सांगितलं, गुरुजी भर दुपारी व्हॅनच्या सगळ्या काचा बंद करून बाईले आत बसवतात अन् बाहेर उभे राहून आतमध्ये ढोल लावतात. ती आत गुमसुम बसून राहते. तो खिडकीजवळ गेला, 'ताई' म्हणून हाक मारली, तिनं वळूनही पाह्यलं नाही.

हे काय चालवलं तुम्ही? म्हातारपणी डोकं फिरलं का? कोंडून ठेवता माह्या बहिणीले? ती कोणाशी बोलत नाही, हाकेले ओ देत नाही, फोनवर येत नाही. भाऊजी, संक्रांतीले मी एकटा येणार नाही. चार माणसं घेऊन येतो.

डोमाजी

फुलसावंगी
२० डिसेंबर २०२४

डोमाजी,

तुमच्या चार माणसांची भीती वाटून मी हे लिहीत नाही. तुमच्या त्या 'कोंडून ठेवता' या दोन शब्दांसाठी लिहितो. मला तिने शपथ घातली होती. ती मी आज मोडतो आहे, आणि तिला कळल्यावर माझं काय होईल ते माझं मी बघेन.

पाइप सात इंचावर कापला. सूर वर आला, तुम्ही म्हणालात तसा. फुसफुस तशीच राहिली. पण त्या फुसफुशीचा त्रास मला होतो, तिला नाही. तिला ती ऐकूच येत नाही. तिला काहीच ऐकू येत नाही, डोमाजी. दीड वर्ष झालं.

आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी. मग मी. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस गेली आहे.

तुमच्या बहिणीला शाळेतल्या सगळ्या कविता पाठ आहेत, हे तुम्हाला माहीत नसेल. शाळेमागेच आमची खोली होती. मी वर्गात म्हणून घ्यायचो, ती पलीकडे भाकरी थापता थापता म्हणायची. मला रात्री जेवताना चुका काढून दाखवायची. निवृत्तीनंतर आमचा हाच उद्योग होता. संध्याकाळी अंगणात बसायचं आणि चौथी-पाचवीच्या पुस्तकातलं काहीतरी काढायचं, एक ओळ तिची, एक माझी. कान गेल्यावर ती म्हणू लागली की आवाज वाट सोडायचा. मध्येच भरभर, मध्येच थांबलेला. माझ्या तोंडाकडे बघून तिला ते कळलं. एक दिवस तिने बंद केलं. त्यानंतर एक ओळ म्हटली नाही.

म्हणून ही पेटी. ठेका अंगाला कळला तर चाल सापडेल, असं मला वाटलं. बंजारा तांड्यावरचा किसनसिंग नंगारा वाजवतो. त्याला अंगणात बसवून मी भुजंगप्रयात वृत्ताचा ठेका समजावला, लघु-गुरू हाताने मोजून दाखवले. पठ्ठ्याने धरला. वाजवता वाजवता म्हणतो, "गुर्जी, होळीची लेंगी वाजवली, लग्नात वाजवलं, हे कोनासाठी वाजवून राह्यलो मी? अन् नाव सापाचं ठेवलं तुमी, चाल तर बैलाची हाय." ते मोबाइलवर भरून घेतलं. उघड्यावर ठोका विरून जातो, बंद गाडीत तो अंगाभोवती साचतो, म्हणून काचा बंद. बबिताच्या मावसभावाला हे विचारता आलं असतं. त्याला चहाड्या सोप्या वाटल्या.

सात इंची पाइपाने ठोका येतो, पण लुळा येतो. आवाज वाढवला की आणखी लुळा पडतो. ती हात ठेवते, मान हलवते, उतरते. माझ्यासाठी बसते, हे मला कळतं.

आता तुम्हाला कळलं. तिला कळू देऊ नका की तुम्हाला कळलं. आणि संक्रांतीला येऊ नका.

विठ्ठलराव

वणी
२७ डिसेंबर २०२४

भाऊजी,

दीड वर्ष! अन् मले आज सांगता! मी तिचा भाऊ आहे का रस्त्यावरचा?

माहा विश्वास पयले बसला नाही. मग नात्यातल्या गोपालचं लग्न आठवलं. मी बाईले म्हटलं, बबिताचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, पैशाची नाही पण जिवाची काळजी वाटून राह्यली. ती हसली अन् म्हणाली, "हो हो, छान." मी तिथून उठून गेलतो. तेव्हापासून मनात ठेवलं. म्हटलं भाऊजींनी शिकवलं आहे तिले, आमच्या घरच्याले असंच उडवायचं.

तुमच्यामुळं झालं हे. आयुष्यभर तिच्या कानाशी टेबल बडवले. अन् आता इलाज काय, तर नंगारा! कविता! डॉक्टर एकच पाह्यला का? नागपुरात मोठे मोठे डॉक्टर आहेत. मशीन भेटते कानाची. तुम्ही स्प्रिंकलरचा पाइप कापत बसले.

अन् साफ बहिरी असं कोणी होत नाही. तुम्ही मास्तर लोक ओठातल्या ओठात बोलता. मी खदानीत पंखे अन् पंप चालू असताना शंभर हातावरच्या माणसाले ऐकू जाईन असं बोललो आहे. मी बोललो तर तिले ऐकू येते का नाही ते पाहतो. नाही आलं तर मशीन. मशीन नाही तर ऑपरेशन. ती वणीले राहीन, मी अन् बबिता पाहू.

तुमच्या शपथा तुमच्याजवळ ठेवा. संक्रांतीले येतो. चार माणसं आणत नाही, मोठी गाडी आणतो. तिचे कपडे भरून ठेवा.

डोमाजी

फुलसावंगी
२ जानेवारी २०२५

डोमा,

हे पत्र मी लिहून राह्यली. माहं अक्षर ओळखशीन तू. तुह्या पत्राचं पाकीट टेबलावर उघडं होतं. मी बहिरी झाली, आंधळी नाही. सगळीच पत्रं वाचली. मग यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. शपथ मोडणारा माणूस कवितेचा असो की कशाचा, मले सारखाच.

तू येऊन ओरडून पाहणार आहे म्हणतो. म्हणून तुले सांगतलं नव्हतं.

आईचे कान गेले तेव्हा ती तुह्या घरी होती. पयले तू तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडे. सारी गल्ली ऐके, तिलेच ऐकू नये. मग तुले ओरडायचा कंटाळा आला. मग तू तिच्याशी बोलणंच सोडलं. जेवायला बसलं की सगळे हसत, आई विचारे, काय झालं रे डोमा, तू म्हणे तुह्या कामाचं नाही, जेव. पाहुणे आले की तिच्यासमोरच तिचं बोले, हिले आता काही समजत नाही म्हणून. तिले समजे. ती तोंडं पाहून सगळं समजे. मी महिना महिना येऊन राहत जाय, मी पाह्यलं आहे. ती गेली तेव्हा तू लय रडला. तुले रडताना पाहून मले राग आला होता, तो आजही गेला नाही.

मले वाटलं, तू यांचा राग कर, चालते. हा माणूस मले फोनवर येऊ देत नाही असं समज, चालते. तुह्या मनात मी बोलणारी राहू दे. मले तुह्या घरी आईच्या जागेवर बसायचं नाही.

नागपूर झालं. मशीन झाली. मशीन लावली की भांडी वाजतात, माणसं नाही. ती डब्यात आहे. तुले पाहिजे तर घेऊन जा, तुह्या ट्रकवाल्यांच्या कामी येईन.

कपडे मी भरणार नाही. मी वणीले येणार नाही. यांनी पेटी बनवली ती चांगली नाही. पण पयल्या दिवशी मले मांडीखाली जरासं काहीतरी लागलं होतं, मुंग्या चालतात तसं. ते पूर्ण लागलं तर काय होते ते मले पाहायचं आहे. त्याच्यात तुम्हा दोघांचं भांडण मले नको.

यायचं असन तर चार इंची पाइप घेऊन ये. ओरडायले येऊ नको.

हंसा

फुलसावंगी
२० जानेवारी २०२५

डोमाजी,

तुम्ही गेल्यावर सहा दिवस मी हे पत्र मनात लिहीत होतो. मनातली भाषा कागदावर आणता येण्यासारखी नव्हती, म्हणून उशीर.

संक्रांतीच्या दिवशी तुम्ही आलात. घरात आला नाहीत. अंगणातून सरळ व्हॅनपाशी गेलात, जसं काही कोणी मिस्त्री बोलावला होता. पेटी बाहेर ओढलीत, माझा पाइप उपसलात आणि नालीत फेकलात. तो नालीत फेकायचं कारण नव्हतं. पेटी खोल नाही म्हणून तुम्ही चार इंची पाइपाला कोपराचा जोड देऊन आतल्या आत वळवलात, तोंडाची कड गोल केलीत, वळणाच्या मधोमध मोजून लांबी धरलीत. तीन तास. मी दोनदा पाणी विचारलं, तुम्ही मान हलवलीत. तुमची बहीण ओट्यावर बसून सगळं बघत होती. तिने सकाळपासून तिळाच्या वड्या केल्या होत्या, खसखस लावून, तुम्हाला आवडतात तशा. मला कधी खसखस लावत नाही.

पेटी उत्तम झाली. हे लिहिताना मला दात खावे लागतात. किसनसिंगचा पहिला ठोका पडला आणि पुढच्या काचेवरची धूळ उडाली. हंसा मागे बसली होती, दोन्ही तळवे सीटवर. तिसऱ्या ठोक्याला तिचा चेहरा बदलला. मी तो चेहरा कधी पाहिला होता ते सांगत नाही, तुम्हाला सांगण्यासारखं नाही. मग ती म्हणू लागली. आधी अर्ध्या पावलाने मागे. मग ठेक्यावर. चार कडवी, एकही यती न चुकता. मी काचेला कान लावून बाहेर उभा होतो, एवढा म्हातारा माणूस, आणि मला वाटलं आता घंटा होईल आणि पोरं बाहेर पळतील.

तुम्ही आत, पेटीला टेकून उकिडवे बसला होतात.

म्हणून झाल्यावर तिने तुमच्याकडे पाहिलं. डोमाजी, ती तुमच्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. एक शब्द पाहिजे होता तिला. तिला तोंडं वाचता येतात. ओठ हलवले असते तरी चाललं असतं. तुम्ही तोंड उघडलंत. मिटलंत. हात फडक्याला पुसलेत, पाना-पक्कड पिशवीत भरलीत आणि गाडीत बसून निघून गेलात. वडीला हात लावला नाहीत.

ती ओट्यावर परत येऊन बसली. मला म्हणाली, "बघा. सुरू झालं."

दीड वर्ष तिने ज्याच्या भीतीने कोणाला कळू दिलं नाही, ते तुम्ही एका दुपारी करून गेलात. त्यापेक्षा ओरडला असतात तर बरं झालं असतं. तेव्हापासून ती व्हॅनमध्ये बसलेली नाही. तुमचा चार इंची पाइप तुम्हालाच लखलाभ होवो. या घरात आता तुमचं काम नाही.

विठ्ठलराव

वणी
३० जानेवारी २०२५

बाई,

हे पत्र तुह्या नावानं टाकलं आहे. भाऊजीले देऊ नको. त्यांचं पत्र आलं, नेहमीसारखंच आहे, त्यांना अर्धं कळते अन् पूर्ण लिहितात. नालीत पाइप टाकला म्हणून रडून राह्यले. त्या पाइपाची जागा तीच होती.

आईचं तू लिहिलं ते वाचलं.

मी त्या दिवशी बोललो नाही, त्याचं सांगतो. माहं तोंड उघडलं की आवाज मोठाच निघते. तीस वर्ष मशिनीत गेले, मले हळू बोलता येत नाही. बबिता म्हणते मी झोपेतही ओरडतो. तू लिहिलं ओरडू नको. मी तोंड उघडलं, आवाज गळ्यापर्यंत आला, तो मोठाच होता, म्हणून बंद केलं. दुसरं काय करू ते सुचलं नाही. म्हणून निघालो. बोरी गावाजवळ गाडी उभी करून वीसेक मिनिटं बसलो. वडी खायची होती.

लिहायची सवय नाही मले. तरी लिहितो. बबिताचा गुडघा आता चालते, जिन्यावरच दुखते. घरामागं शेवगा लावला होता तो वाऱ्यानं पडला, त्याच्या शेंगा आडव्यानंच लागून राह्यल्या. समीक्षाचं पोरगं मले आजोबा म्हणत नाही, डोमाजी म्हणते, सारे हसतात, मीही आता ओ देतो. कालच एक ट्रकवाला आला, चंद्रपूरचा. म्हणते, एका पाइपानं एवढा आवाज तर दोन लावा, दुप्पट येईन. मी म्हटलं, दोन लावले तर दोन्ही लांब करावे लागतात, तेवढी जागा तुह्या गाडीत नाही. तो म्हणे, मग क्लीनरले खाली उतरवतो. असे लोक आहेत. आज वांग्याची भाजी होती, तिखट जास्त झालं. बबिता म्हणाली हे कायले लिहिता. मी म्हटलं, लिहू दे.

तू वणीले येऊ नको म्हटलं तर नको येऊ. मी होळीच्या आधी येईन. खडू आणीन सोबत अन् पाटी, दुकानातली आहे. भाऊजींनी दारात अडवलं तर मी व्हॅनमध्ये बसून राहीन.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी तू गाडीत चार कडवी म्हटली असं भाऊजी लिहितात. मी पेटीले टेकून बसलो होतो. माप बरोबर आलं होतं, नंगारा छातीत भरला होता. तुहे ओठ हलताना दिसले. मले त्यातला एकही शब्द ऐकू आला नाही. काय म्हटलं होतं ते लिहून पाठव. तुह्या हातानं.

डोमा